पंखा बदलण्याआधी रुमाल धरून पाहा

लेखक : ऊस विकास अधिकारी



या पानावर मी नेहमी लागण, बेणे, खत-पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. गाडीचे इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. कोणी म्हणेल, ऊस विकास अधिकाऱ्याचा आणि पंख्याचा काय संबंध? माझी पदविका शेतीची आहे, मोटारीची नाही, हे मलाही कबूल आहे. पण ऊस फडात कितीही चांगला पिकला तरी तो गव्हाणीपर्यंत चाकांवरूनच येतो. चाक थांबले की ऊस थांबतो, आणि तोडलेला ऊस थांबला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात.

अलीकडे शिवारात गेलो की निदान एक तरी सभासद विचारतोच, "साहेब, ट्रॅक्टर लय गरम होते, मोठा पंखा टाकू काय?" किंवा "जुनी जीप घेतली आहे, तिला बिजलीचा पंखा लावला तर चालते काय?" या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे. त्या ठेचेत एका पोराचा हात भाजला. म्हणून हा लेख.

२०२२ चा मे महिना

२०२१-२२ चा हंगाम आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. ऊस उदंड झाला होता. राज्यात त्या हंगामात सुमारे १,३२० लाख टन उसाचे गाळप झाले आणि सुमारे १३७ लाख टन साखर तयार झाली. एरवी मार्च-एप्रिलमध्ये संपणारा हंगाम त्या वर्षी काही ठिकाणी जूनच्या मध्यापर्यंत चालला. १ मे नंतर गाळलेल्या उसासाठी उतारा घटीपोटी टनाला २०० रुपये अनुदान शासनाने जाहीर केले होते. यावरूनच उन्हाळ्यातील उसाची काय दशा होती ते कळते.

आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा मे महिना! पारा ४३-४४ वर. टोळ्या पहाटे फडात शिरायच्या आणि दहा वाजता कोयता खाली ठेवायच्या. अशा उन्हात महागाव तालुक्यातील एका सभासदाचा ऊस दोन दिवसांपासून तोडून पडला होता, कारण भरलेला ट्रॅक्टर चढावर उकळून उभा राहिला होता. दुसरे वाहन लावून द्यावे म्हणून मी शेतकी विभागाची जुनी डिझेल जीप घेऊन निघालो. बरोबर चालक आणि एक मदतनीस पोरगा होता. वय असेल एकोणीस-वीस.

पांदणीने चार-पाच किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गेलो आणि आमच्याच जीपचा काटा लाल पट्ट्यात गेला. बोनेटमधून वाफ निघू लागली. मी घाईत होतो. उसाचा मालक फडावर वाट पाहत होता, दर दहा मिनिटांनी त्याचा फोन येत होता. मी पोराला म्हणालो, "टोपण काढ रे, पाणी टाक लवकर." त्याने फडके धरून रेडिएटरचे टोपण फिरवले. पुढे काय झाले ते लिहितानाही बरे वाटत नाही. उकळते पाणी आणि वाफ उसळून त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत आली.

एका येणाऱ्या मोटारसायकलवरून त्याला दवाखान्यात नेले. वीस-बावीस दिवस तो कामावर नव्हता. त्याचे वडील मला भेटायला आले तेव्हा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून त्यानं केलं." हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

टोपणात दाब का असतो

ही गोष्ट प्रत्येक चालकाला, आणि चालकाच्या पोरालाही, माहीत हवी. उघड्या पातेल्यातले पाणी १०० अंशांना उकळते. रेडिएटरचे टोपण स्प्रिंगचे असते आणि ते आत दाब धरून ठेवते. दाब वाढला की पाण्याचा उकळबिंदूही वाढतो. हवेच्या दाबावर आणखी तेवढाच दाब चढला तर पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. म्हणजे आतले पाणी ११० अंशांवर असूनही शांत दिसते. टोपण फिरवले की दाब एका क्षणात जातो आणि त्याच पाण्याची जागच्या जागी वाफ होते. ती वाफ पाण्याला बरोबर घेऊन बाहेर उसळते. फडके त्याला आवरू शकत नाही.

म्हणून इंजिन तापले तर गाडी सावलीला घ्या, इंजिन बंद करा, बोनेट उघडा आणि निदान अर्धा तास हात लावू नका. वरच्या रबरी नळीला हात लावून ती कोमट झाली आणि दाबली असता मऊ लागली तरच टोपण काढा. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतले तर हेडला तडा जातो, हेही ध्यानात ठेवा.

माझी दुसरी चूक

त्या प्रसंगानंतर मी ठरवले की या जीपचा पंखाच बदलायचा. इंजिनवर चार पात्यांचा जुना लोखंडी पंखा होता. कोणीतरी सांगितले, "साहेब, बिजलीचा पंखा टाका, इंजिनवर लोड येत नाही, डिझेल वाचते." तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये मोडीत निघालेल्या मोटारीचा विजेवरचा पंखा मिळाला. जुना पंखा काढला, हा बसवला, डॅशबोर्डवर एक बटण दिले. घरघर आवाज ऐकून मलाही बरे वाटले.

पावसाळ्यात काही कळले नाही. गाळप सुरू झाले, ऑक्टोबरची उन्हे तापली आणि एकामागून एक तक्रारी सुरू झाल्या. उभ्या गाडीत काटा ठीक असायचा, पण डांबरी रस्त्यावर वेगात निघालो की उलट वर चढायचा. रात्री दिवे लावून फडावर फिरलो की सकाळी बॅटरी बसलेली. एक दिवस चालक बटण बंद करायला विसरला आणि दुसऱ्या दिवशी जीप ढकलून सुरू करावी लागली. पुढे वायर इतकी तापली की तिचे प्लॅस्टिक वितळल्याचा वास आला.

रुमालाची परीक्षा

शेवटी आमच्या वाहन विभागातील एका जुन्या फिटरकाकांना दाखवले. त्यांनी हत्यार हातात घेतलेच नाही. इंजिन सुरू करायला लावले, पंखा लावला आणि खिशातला रुमाल काढून रेडिएटरच्या पुढच्या जाळीसमोर धरला. रुमाल जाळीला चिकटायला हवा होता. तो उलट पुढे उडू लागला.

"साहेब, पंखा उलटा फिरून राहिला. मागची गरम हवा पुढे फेकून राहिला हा."

विजेच्या पंख्याच्या दोन तारा उलट जोडल्या की तो उलट फिरतो. उभ्या गाडीत थोडी का होईना हवा हलते, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण गाडी पळू लागली की समोरून येणारा वारा आणि पंख्याची हवा यांची टक्कर होते, आणि रेडिएटरमधून हवा जातच नाही. सहा महिने आम्ही हेच करत होतो.

मग काकांनी रेडिएटर उतरवायला लावला. त्याच्या जाळीत काय नव्हते! आपला जिल्हा कापसाचा, तेव्हा सरकीची लव होती. डिसेंबर-जानेवारीत फुललेल्या उसाच्या तुऱ्यांचा भुसा होता. पाचटाचे तुकडे, काळ्या मातीचा थर आणि मेलेले किडे होते. प्रकाशासमोर धरला तर निम्म्याहून अधिक जाळीतून पलीकडचे दिसत नव्हते. आतून नळ्यांना बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार चढलेला. आणि पंख्याभोवतीचा पत्र्याचा काउल तर केव्हाच कोणीतरी काढून फेकला होता.

काका म्हणाले, "पंखा बदलला, पण हवेची वाटच बंद होती. दार लावून खिडकीला पंखा लावल्यासारखं झालं हे."

इंजिन तापते कशाने

थोडक्यात सांगतो. जाळलेल्या डिझेलमधल्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामाला येते, जवळपास तेवढीच धुराड्यातून जाते आणि उरलेल्यातील बराच भाग पाण्याच्या वाटेने रेडिएटरमध्ये येतो. रेडिएटर ती हवेला देतो. हवा कमी मिळाली की उष्णता आतच राहते.

डांबरी रस्त्यावर ६० च्या वेगाने जाताना समोरचा वारा निम्मे काम करून टाकतो. पण फडात, चिखलात, पांदणीत किंवा पुसद-वाशिम रस्त्यावरच्या खंडाळा घाटासारख्या चढावर गाडी हळू चालते आणि इंजिन मात्र पूर्ण जोर लावत असते. तिथे सगळा भार पंख्यावरच असतो. त्यात वारा मागून असेल तर हाल आणखी वाढतात. गाडीचा वेग ताशी १५ आणि मागचा वाराही तेवढाच असेल तर रेडिएटरला समोरचा वारा मुळीच लागत नाही. ऊस भरलेला ट्रॅक्टर अशाच वेळी उकळतो.

पंखे तीन प्रकारचे

पहिला पट्ट्यावरचा साधा पंखा. इंजिन फिरते तोवर हाही फिरतो. साधा, दणकट आणि कोणत्याही गावात दुरुस्त होणारा. याचा दोष एकच, तो गरज नसतानाही ताकद खातो. पंख्याचा एक नियम आहे. वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण ताकद आठपट लागते. कोणी छोटी पुली बसवून वेग २० टक्के वाढवला तर हवा २० टक्केच वाढेल, ताकद मात्र सुमारे ७३ टक्के जास्त लागेल. म्हणून पुली बदलण्याच्या फंदात पडू नका. चारऐवजी सहा किंवा सात पात्यांचा, त्याच मापाचा पंखा हा हळू चालणाऱ्या गाडीला त्याहून चांगला उपाय आहे.

दुसरा क्लचचा पंखा. याच्या मधल्या डब्यात सिलिकॉनचे घट्ट तेल असते आणि पुढे दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी. रेडिएटरमधून गरम हवा आली की पट्टी वळते, तेलाची वाट मोकळी होते आणि पंखा जोरात फिरतो. थंड असताना तो घसरत राहतो, त्यामुळे इंधन वाचते. मात्र तेल गळून गेले की तो कायमच घसरतो. इंजिन तापल्यावर ते बंद करून पंखा हाताने फिरवून पाहावा. अडखळत फिरला तर ठीक, भिंगरीसारखा फिरला तर क्लच गेला समजावे.

तिसरा विजेचा पंखा. तो वाईट नाही, पण त्याचा हिशेब करा. १२ व्होल्टवर २० अँपिअर घेणारा पंखा म्हणजे २४० वॅट, म्हणजे एक तृतीयांश अश्वशक्ती. जोर लावणाऱ्या इंजिनावरील पट्ट्याचा पंखा याहून कितीतरी जास्त ताकदीने हवा ओढतो. शिवाय ५५ वॅटचे दोन दिवे ९ अँपिअर घेतात. दोन्ही मिळून झाले २९. जुन्या गाडीचा डायनॅमो एवढे पुरवू शकला नाही तर फरक बॅटरीतून जातो, आणि सकाळी बॅटरी बसलेली मिळते. विजेचा पंखा बसवायचाच असेल तर योग्य क्षमतेचा अल्टरनेटर, रिले, फ्यूज, जाड वायर आणि पाण्याच्या उष्णतेवर आपोआप चालू-बंद होणारे स्विच हवे. नुसत्या बटणावर भरवसा ठेवू नये. माणूस विसरतो.

काउल फेकू नका

पंख्याभोवतीचा पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा काउल पुष्कळ जण "पट्टा बदलायला आडवा येतो" म्हणून काढून टाकतात. पंखा गोल असतो आणि रेडिएटर चौकोनी. काउल नसेल तर पंखा फक्त आपल्या समोरच्या गोल भागातून हवा ओढतो, चारही कोपरे फुकट जातात. शिवाय पात्यांच्या टोकांवरून तीच गरम हवा फिरून परत येते. काउल सगळ्या जाळीतून हवा ओढायला लावतो.

आमच्या जीपला काकांनी गावातल्या पत्रा कारागिराकडून काउल करून घेतला. पाते रुंदीने निम्मे काउलच्या आत आणि निम्मे बाहेर ठेवले. पात्याच्या टोकापासून कड्यापर्यंत दोन-अडीच सेंटीमीटर जागा सोडली, कारण इंजिन रबरावर हलते आणि रेडिएटर जागचा हलत नाही. मग सहा पात्यांचा पंखा बसवला. रेडिएटर आतून-बाहेरून साफ करून घेतला. विजेचा पंखा उतरवून ठेवला.

त्यानंतर ही जीप भर उन्हाळ्यात फडावर फिरली आहे, काटा मध्याच्या वर गेलेला नाही. काका मला नंतर म्हणाले, "साहेब, खरं सांगू? नुसता रेडिएटर धुतला असता न् काउल बसवला असता, तरी जुन्या पंख्यानंच भागलं असतं." मीही तेच सांगण्यासाठी एवढे लिहिले.

नाला ओलांडताना

पैनगंगेकाठच्या आणि नाल्यांच्या गावच्या सभासदांसाठी एक सूचना. पाण्यात शिरताना पंखा फिरत असेल तर पाती पाण्यात नावेच्या पंख्यासारखी काम करतात, पुढे ओढली जाऊन वाकतात आणि रेडिएटर फाडतात. पंखा पाण्यात बुडेल एवढे पाणी असेल तर विजेचा पंखा बंद करा. पट्ट्याचा पंखा असेल तर पट्टा सैल करून हळू जाण्याची जुनी रीत आहे, पण पलीकडे गेल्याबरोबर तो पुन्हा ताणा. आणि नाल्याला पूर असेल तर गाडी अलीकडेच उभी करा. ऊस उद्याही जाईल.

ट्रॅक्टरधारकांना विनंती

कंपनीने दिलेला ट्रॅक्टरचा पंखा स्वतःहून बदलू नका. पंखा बहुधा पाण्याच्या पंपाच्या दांड्यावरच बसवलेला असतो. जड पंखा घातला तर पंपाचे बेअरिंग जाते, आणि पात्याला चीर असेल तर ते सुटून माणसाला लागू शकते. ट्रॅक्टर गरम होत असेल तर पुढील क्रमाने तपासा :

१. जाळीत भुसा, लव, पाचट अडकले आहे काय? इंजिनच्या बाजूने पुढच्या बाजूला पाणी मारून धुवा. जोराच्या धारेने पट्ट्या वाकतात, म्हणून धार बेताची ठेवा. हंगामात हे आठवड्यातून एकदा तरी करा.

२. पट्टा दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबा. एक ते दीड सेंटीमीटर दबला तर ठीक. त्याहून जास्त दबला तर ताणा, चिरला असेल तर बदला.

३. पाणी कमी आहे काय, ते कोठून गळते काय, टोपणाचे रबर चांगले आहे काय?

४. थर्मोस्टॅट कोणी काढून टाकला आहे काय? "त्याच्यानं गरम होते" ही समजूत चुकीची आहे. तो नसला तर इंजिन कायम थंडीत चालते, लवकर झिजते आणि डिझेलही जास्त खाते. बिघडला असेल तर नवा टाका.

५. बोअरचे जड पाणी टाकू नका. कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात शीतक द्रव आणि शुद्ध पाणी टाका. हा द्रव चवीला गोड आणि विषारी असतो. काढलेला द्रव गोठ्याजवळ, हौदाजवळ ओतू नका. जनावरे, कुत्री चाटतात आणि मरतात.

६. शेवटी रुमालाची परीक्षा घ्या. रुमाल लांबूनच धरा, पंख्याकडे हात नेऊ नका. धोतर, उपरणे, ओढणी फिरत्या पंख्याजवळ नको.

एवढे सगळे ठीक असून गाडी तापत असेल तेव्हाच पंख्याकडे वळा. आणि त्याआधी ट्रॉलीत किती ऊस भरला आहे तेही पाहा.

त्या दिवशी भाजलेला पोरगा आता बरा आहे, हातावर व्रण मात्र राहिला आहे. तो आमच्याच विभागात आहे. दर रविवारी जीपचा रेडिएटर तोच धुतो, आणि गाडी गरम असताना टोपणाजवळ कोणाला फिरकू देत नाही. मागच्या उन्हाळ्यात मीच घाईत बोनेटकडे गेलो तर तो मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, अर्धा तास." मी मुकाट्याने झाडाखाली जाऊन बसलो.

तरी सर्व सभासदांनी हंगामापूर्वी आपापल्या वाहनाची वरीलप्रमाणे तपासणी करून घ्यावी आणि चालकाला, घरातील मुलांना टोपणाविषयी बजावून सांगावे, ही नम्र विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी